टॅब्लेटमधील सिमकार्ड : कंपनी कशी निवडावी, केव्हा बदलावी

श्रोतेहो, जुन्या टपाल तिकिटांचा ज्यांना नाद आहे त्यांना ग्वाल्हेर संस्थानाची तिकिटे परिचित असतील. १८८५ साली शिंदे सरकार आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात टपालाचा करार झाला आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर ग्वाल्हेरचे नाव छापून ती संस्थानच्या डाकघरांतून विकली जाऊ लागली. या कराराचा लाभ असा की, लष्करच्या डाकघरात टाकलेले पत्र त्याच तिकिटावर पुण्याला, काशीला किंवा कलकत्त्याला पोचत असे. शेजारी इंदूरला होळकर सरकारची तिकिटे १८८६ पासून निघाली. ती सर्वस्वी स्वतःची होती खरी, परंतु त्यांचे मोल संस्थानाच्या हद्दीपुरतेच होते. तिकीट म्हणजे कागदाचा एवढासा तुकडा. पण त्याची धाव कोठवर, हे त्यामागे कोणता करार उभा आहे यावरून ठरत असे.

आज आपल्या घरोघरी जी टॅब्लेट नावाची पाटीवजा यंत्रे आली आहेत, त्यांच्यातील सिमकार्डाचीही गोष्ट अशीच आहे. नखाएवढी ती चकती स्वतः काहीच करीत नाही. तिच्यामागे कोणती कंपनी आहे, त्या कंपनीचे टॉवर कोठे आहेत आणि आपला तिच्याशी कोणत्या अटींवर करार झाला आहे, यावर सारे अवलंबून असते. तिकीट विकत घेताना आपण ते कोणाचे हे पाहत होतो. सिमकार्ड घेताना मात्र दुकानदार जे पुढे करील ते आपण घेतो. म्हणून टॅब्लेटसाठी कंपनी निवडावी कशी आणि निवड चुकली तर ती बदलावी कशी, याचा विचार आज करू.

आरंभी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली गोष्ट यंत्र, दुसरी सिमकार्ड आणि तिसरी आपला दहा अंकी क्रमांक. यंत्र आपल्या मालकीचे असते. सिमकार्ड कंपनीने आपल्याला वापरावयास दिलेले असते. आणि क्रमांक हा या दोहोंपेक्षा निराळा, कारण तो एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे नेता येतो. फोनच्या बाबतीत या तिघांत सर्वांत मोलाचा कोण, तर क्रमांक. आप्तेष्टांना, बँकेला, गॅसवाल्याला आपण तोच दिलेला असतो. टॅब्लेटच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा होतो. त्यावर कोणी आपल्याला फोन करीत नाही. पुष्कळ वेळा तो क्रमांक आपला आपल्यालाच पाठ नसतो. तेथे मोल असते ते केवळ इंटरनेट नीट मिळण्याला. पुढचे सारे विवेचन या एका भेदावर उभे आहे.

आता विकत घेण्याची गोष्ट. सर्वच टॅब्लेटांत सिमकार्ड बसत नाही. काही केवळ वायफायवर चालतात, तर काहींत सिमची सोय असते आणि अशा यंत्राची किंमत अधिक पडते. ही सोय मागाहून बसवून घेता येत नाही. म्हणून तिची गरज आहे की नाही, हे आधीच ठरविले पाहिजे. ज्याचा टॅब्लेट घराबाहेर क्वचितच जातो, त्याला घरचे वायफाय पुरते. बाहेर गेल्यावर अर्धा-पाऊण तास काम पडले, तर फोनचा हॉटस्पॉट चालू करून त्याच इंटरनेटवर टॅब्लेट चालविता येतो. परंतु डबरा किंवा मुरैन्याहून येऊन जिवाजी विद्यापीठाच्या परिसरात खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, दिवसभर बाजारात फिरून मागणी नोंदविणारा विक्रेता, किंवा ज्यांच्यापाशी साधाच फोन आहे अशा आजीबाई, यांना टॅब्लेटचे स्वतःचे सिम उपयोगी पडते. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस आणि फोनची बॅटरी संपलेली, अशा वेळी हॉटस्पॉटचा काही उपयोग होत नाही.

सिम घ्यावयाचे ठरले की पहिला प्रश्न येतो तो कोणत्या कंपनीचे. आपल्याकडे आज जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया आणि भारत संचार निगम या चार कंपन्या आहेत. दूरसंचाराच्या हिशेबी देशाचे बावीस सेवाक्षेत्रांत विभाजन केलेले असून, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड मिळून त्यांपैकी एक होते. पण जाहिरातीत सांगितलेली व्याप्ती अखंड देशाची असते, आणि आपल्याला हवी असते ती आपल्या माजघरातली. हे अंतर ग्वाल्हेरात विशेष जाणवावे अशी आपल्या गावाची रचना आहे.

गावाच्या ऐन मध्यावर किल्ल्याचा डोंगर उभा आहे. त्याची लांबी पावणेतीन-तीन किलोमीटर आणि उंची सपाटीपासून सुमारे शंभर मीटर. त्याच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, दक्षिणेस दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेले लष्कर आणि पूर्वेस मुरार, अशी ही तीन गावांची मिळून एक नगरी. रेडिओलहरी डोंगराच्या आरपार जात नाहीत. त्यामुळे एका बाजूच्या टॉवरचा दुसऱ्या बाजूस फारसा उपयोग होत नाही. मुरारमध्ये मेव्हण्याकडे ज्या कंपनीचे इंटरनेट धावते, तीच कंपनी लष्करात आपल्या घरी रखडली, तर त्यात नवल मानण्याचे कारण नाही.

दुसरी अडचण भिंतींची. लष्करातील जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती जाडजूड आहेत. मोबाइलच्या लहरी निरनिराळ्या कंपनसंख्यांच्या असतात. सातशे-नऊशे मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात; तेवीसशे, पंचवीसशे किंवा त्याहून वरच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, परंतु दगडापुढे लवकर नमतात. म्हणूनच गच्चीवर वेग उत्तम आणि आतल्या खोलीत पान उघडता उघडत नाही, असा प्रकार घडतो. त्यात कंपनीचा दोष असेलच असे नाही, परंतु आपल्याला बसावयाचे असते आतल्या खोलीतच.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. जेथे वापरावयाचे, तेथेच पारखून घ्यावे. आप्तांकडून किंवा शेजाऱ्यांकडून, त्यांच्या संमतीने, निरनिराळ्या कंपन्यांची सिमकार्डे तासाभरासाठी मागून घ्यावीत आणि आपल्याच टॅब्लेटमध्ये, आपल्याच खोलीत घालून पाहावीत. ही पारख दुपारी करू नये. रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, सारे गाव इंटरनेटवर असते तेव्हा करावी, कारण एका टॉवरवर गर्दी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला थोडे येते. वेग मोजण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, मायस्पीड नावाचे ॲप आहे. तसेच ट्रायच्या २०२४ सालच्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर दाखवावे लागतात. नकाशा आधी पाहावा. मात्र निर्णय नकाशावरून न घेता खोलीतील पारखेवरून घ्यावा.

दुसरा नियम यंत्राविषयीचा. कंपनीच्या लहरी यंत्राला ऐकू आल्या पाहिजेत. जिओचे जाळे २०१६ साली सुरू झाले तेच मुळी ४जीवर. त्यात २जी किंवा ३जी नाही. म्हणून कपाटात पडलेला जुना, केवळ ३जी जाणणारा टॅब्लेट काढून त्यात जिओचे सिम घातले, तर काहीच होणार नाही. भारत संचार निगमचे ४जी जाळे मुख्यतः ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते; तेव्हा ते सिम घेण्यापूर्वी आपल्या यंत्राला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा कळतो की नाही, हे पाहणे शहाणपणाचे. यंत्राच्या माहितीपत्रकात या पट्ट्यांचे क्रमांक दिलेले असतात. ७०० चा पट्टा म्हणजे अठ्ठावीस क्रमांकाचा, २३०० चा चाळीस क्रमांकाचा, असे ते कोष्टक असते.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले-मुली अमेरिकेत आहेत आणि सुट्टीवर येताना ती आईवडिलांसाठी टॅब्लेट घेऊन येतात. अशा यंत्राबद्दल आणखी एक सावधगिरी हवी. तिकडे काही यंत्रे एखाद्या कंपनीकडून हप्त्यांवर घेतलेली असतात आणि तोवर ती त्या कंपनीला जखडलेली असतात. असे यंत्र इकडे आले की भारतातील कोणतेही सिम ते स्वीकारीत नाही. हे कुलूप येथील दुकानदाराने काढावयाचे नसून, ज्या कंपनीने घातले तिनेच काढावयाचे असते. म्हणून विमानात बसण्यापूर्वीच मुलांनी ते काढून घ्यावे. आपल्याकडे दुकानांत मिळणारी यंत्रे बहुधा अशी जखडलेली नसतात, ही आपल्या बाजारातील चांगली गोष्ट आहे.

कुलूप यंत्राला नसून सिमला असल्याचाही एक उद्बोधक दाखला आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात ॲपल कंपनीने आपल्या नव्या आयपॅडांबरोबर स्वतःचेच एक सिम दिले. सिम न बदलता, पडद्यावर बोट टेकवून हवी ती कंपनी निवडावी आणि हवी तेव्हा बदलावी, अशी ती कल्पना होती. परंतु अमेरिकेत एखाद्याने त्यातून एटी अँड टी ही कंपनी निवडली की ते सिम त्याच कंपनीचे होऊन बसे. दुसरीकडे जावयाचे तर नवे सिम आणावे लागे. व्हेरिझॉन ही मोठी कंपनी तर त्या योजनेत सामीलच झाली नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून त्या सिमवर नव्या जोडण्या देणे बंद झाले. बदलण्याची सोय यंत्रात असून भागत नाही, कंपन्यांच्या करारातही ती असावी लागते, हा त्यातील बोध आहे.

तिसरा नियम पैशाचा. टॅब्लेटला बोलण्याची सवलत नको असते, केवळ इंटरनेट हवे असते. म्हणून पुष्कळजण स्वस्तातले डेटा व्हाउचर घेतात आणि फसतात. काही व्हाउचरांना स्वतःची मुदत नसते. मूळ योजना चालू असेल तोवरच ती चालतात, आणि मूळ योजना नसेल तर पैसे भरूनही इंटरनेट मिळत नाही. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी, या व्हाउचरला दुसरी योजना लागते काय, एवढे विचारून घ्यावे. मुदतीचा हिशेबही पाहावा. अठ्ठावीस दिवसांची योजना वर्षातून तेरा वेळा भरावी लागते, बारा वेळा नव्हे. ट्रायने २०२२ साली असा नियम केला की, प्रत्येक कंपनीने निदान एक योजना तीस दिवसांची आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतन होणारी ठेवावी. ती मागून घेण्याचा आपल्याला अधिकार आहे.

वर्षाची योजना एकदम घेतली तर स्वस्त पडते, यात संशय नाही. पण कंपनी बदलताना उरलेली शिल्लक किंवा मुदत नव्या कंपनीकडे जात नाही, ती बुडते. म्हणून नव्या कंपनीशी पहिले दोन-तीन महिने महिनेवारीच व्यवहार ठेवावा. पावसाळ्यात, लग्नसराईत, परीक्षेच्या दिवसांत ती कशी वागते ते पाहावे, आणि मगच लांबचा करार करावा.

आता बदलण्याकडे वळू. क्रमांक तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आपल्या देशात २०१० च्या नोव्हेंबरात हरियाणात प्रथम आली आणि २० जानेवारी २०११ पासून सर्व देशात लागू झाली. तेव्हा ती एकेका सेवाक्षेत्रापुरतीच होती. ३ जुलै २०१५ पासून ती सीमाही गेली. ग्वाल्हेरचा मुलगा नोकरीसाठी पुण्यास गेला, तर येथला क्रमांक तेथील कंपनीकडे तो आता नेऊ शकतो. २०१९ च्या डिसेंबरपासून ही पद्धत अधिक सोपी करण्यात आली.

ती पद्धत अशी. ज्या क्रमांकाची कंपनी बदलावयाची, त्याच क्रमांकावरून १९०० या क्रमांकाला एसएमएस पाठवावयाचा. त्यात इंग्रजी लिपीत ‘पोर्ट’ हा शब्द, मग मोकळी जागा आणि मग आपला दहा अंकी क्रमांक लिहावयाचा. आपण पात्र असलो तर आठ अक्षरांकांचा एक संकेत उत्तरादाखल येतो. मध्य प्रदेशात किंवा महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तेवढ्या अवधीत नव्या कंपनीच्या दुकानी जाऊन ओळख पटवावी आणि नवे सिम घ्यावे. त्याच सेवाक्षेत्रात बदल असेल तर तीन कामाचे दिवस आणि दुसऱ्या सेवाक्षेत्रात जावयाचे असेल तर पाच कामाचे दिवस लागतात. पात्रतेच्या अटी थोड्याच आहेत. चालू कंपनीकडे निदान नव्वद दिवस झालेले असावेत. मागाहून बिल भरण्याची पद्धत असेल तर थकबाकी नसावी. आणि २०२४ च्या जुलैपासून आणखी एक अट अशी की, हरवलेल्या किंवा बिघडलेल्या सिमऐवजी नवे घेतले असेल तर त्यानंतर सात दिवस हा संकेत मिळत नाही. ही शेवटची अट त्रासदायक वाटली तरी ती आपल्या रक्षणासाठी आहे. दुसऱ्याच्या नावाने सिम काढून घेऊन त्याचा क्रमांक लांबविणाऱ्या भामट्यांना तिने आळा बसतो.

परंतु टॅब्लेटच्या मालकाला येथेच अडचण येते. पुष्कळ टॅब्लेटांतून साधा एसएमएस जातच नाही. आयपॅडमधून तर सिमकार्ड असूनही असा संदेश पाठविता येत नाही. मग सिम काढून तात्पुरते एखाद्या फोनमध्ये घालावे आणि तेथून संदेश पाठवावा, हाच सरळ मार्ग. काही नव्या यंत्रांत चकती नसतेच. त्यांत ई-सिम असते, म्हणजे सिमची माहिती यंत्रातच उतरवून ठेवलेली असते. २०२४ साली आलेल्या आयपॅड प्रो आणि आयपॅड एअर यांत चकतीची खाच काढूनच टाकली आहे. तेथे चकती उचलून फोनमध्ये घालण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आधी तो क्रमांक ई-सिम चालणाऱ्या फोनवर आणून घ्यावा लागतो, किंवा कंपनीच्या दुकानी जावे लागते. म्हणून अशा यंत्रासाठी कंपनी निवडताना, टॅब्लेटवर ई-सिम चालू करून द्याल काय आणि त्याची रीत काय, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

आणि मुळात एवढा खटाटोप करावयाचा कशासाठी? क्रमांक नेण्याची सोय झाली ती क्रमांक मोलाचा म्हणून. टॅब्लेटचा क्रमांक कोणालाच ठाऊक नसेल, तर तो वाचविण्यात अर्थ नाही. नव्या कंपनीचे नवे सिम घ्यावे, ते आठ दिवस चालवून पाहावे आणि समाधान झाले म्हणजे जुने रीतसर बंद करावे. नव्वद दिवस थांबणे नको, संकेत नको, मध्ये सेवा खंडित होणेही नको. फोनच्या बाबतीत क्रमांक घेऊन जावे. टॅब्लेटच्या बाबतीत बहुधा क्रमांक सोडून जावे. माझ्या आजच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा हाच आहे.

अर्थात, सोडून देता यावा यासाठी तो क्रमांक प्रथमपासून मोकळा ठेवला पाहिजे. टॅब्लेटचा क्रमांक बँकेला, आधारला, निवृत्तिवेतनाच्या कार्यालयाला देऊ नये. हे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. रिचार्जवर चालणारा क्रमांक नव्वद दिवस मुळीच वापरला गेला नाही, तर कंपनी तो बंद करू शकते. खात्यात वीस रुपये शिल्लक असतील तर त्यांतून काही रक्कम कापून क्रमांक राखण्याची तरतूद आहे. तेवढीही नसेल तर तो जातो. बंद झालेला क्रमांक निदान नव्वद दिवस कोणास देत नाहीत. त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकास मिळू शकतो. आजीबाईंचा टॅब्लेट सहा महिने कपाटात राहिला आणि त्यांच्या बँकेचे गुप्त संकेत अपरिचित माणसाच्या फोनवर जाऊ लागले, असे होऊ नये. बँकेचा क्रमांक रोजच्या वापरातील फोनचाच असावा. टॅब्लेटचा क्रमांक जर आधीच कोठे दिला असेल, तर सिम बंद करण्यापूर्वी तेथे जाऊन तो बदलावा. नाही तर तो नियमाने पोर्ट करून जिवंत ठेवावा.

दुसरे असे की, सिम ज्याच्या वापरात, त्याच्याच नावावर असावे. एका व्यक्तीच्या नावावर आपल्याकडे जास्तीत जास्त नऊ जोडण्या असू शकतात, आणि टॅब्लेटचे सिमही त्या गणतीत येते. घरातील वडीलधाऱ्यांच्या नावावर सर्वांची सिमे घेण्याची पद्धत सोयीची वाटते. पण बदलण्याची वेळ आली की प्रत्येक ठिकाणी त्यांनाच उभे करावे लागते. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. त्यांत आपला नसलेला किंवा आता नको असलेला क्रमांक आढळला, तर तेथूनच तसे कळविता येते. जुना टॅब्लेट विकण्यापूर्वी तर हे अवश्य पाहावे, सिम काढून घ्यावे आणि ई-सिम असेल तर तेही पुसून टाकावे.

श्रोतेहो, कंपनी वाईट आहे अशी कुरकूर आपण वर्षानुवर्षे करतो आणि रिचार्ज मात्र त्याच कंपनीचे करीत राहतो. पारख करण्यास एक संध्याकाळ लागते आणि नवे सिम घेण्यास थोडा वेळ. महिनेवारी करार, आपल्या नावावरचे सिम आणि कोठेही न गुंतलेला क्रमांक, एवढे जपले तर टॅब्लेटपुरता कंपनीबदल हा बाजारात दुकान बदलण्याइतका सोपा आहे. ग्राहक जाऊ शकतो हे ठाऊक असले, म्हणजे कंपनीही त्याला सांभाळून घेते.